वाचा-भाषा उपचाराच्या विद्यार्थिनीला क्लिनिकल पोस्टिंगचा (रुग्णांसोबतच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा) काही काळ सांगलीत करता येईल का?

करता येईल, परंतु सुरुवात रुग्णालयापासून नव्हे, तर तिच्या महाविद्यालयाच्या समन्वयकांपासून करावी. देखरेख करणारे तज्ज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहेत याची खात्री करून लेखी परवानगी आधीच घ्यावी.

माझ्या मते एकाच ठिकाणी सगळा काळ घालवू नये. मोठ्या रुग्णालयात पक्षाघातानंतर वाचा गेलेले किंवा गिळण्यास त्रास होणारे प्रौढ भेटतात, तर २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांकडे उशिरा बोलणारी, दुभंगलेल्या टाळूची आणि कमी ऐकू येणारी मुले पाठवली जातात.

सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात अनेक मुलांच्या घरी कानडी बोलली जाते. त्यांची तपासणी केवळ मराठीत केल्यास भाषिक विलंबाचा निष्कर्ष चुकू शकतो, म्हणून कानडी जाणणारे सहकारी कोठे आहेत, हे समन्वयकांना आवर्जून विचारावे.