चावी आणि लाल बटण: एटीव्हीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: कुळागरात (पोफळीच्या बागेत) सुपारी आणि शेणखत वाहायला ११० सीसीची जुनी चिनी एटीव्ही (जाड टायरांची, हँडलने वळणारी चारचाकी) घेतली आहे. इंजिन हँडलवरच्या लाल बटणाने बंद करतो. एक दिवस गाडी लावून ठेवली की बॅटरी उतरते. बॅटरी नवी आहे. – एक वाचक, वाळपई

उत्तर: चावी ‘ऑन’वरच राहते का, ते आधी पाहा. लाल बटण फक्त ठिणगी तोडतं, बॅटरीचा पुरवठा तोडत नाही. न्यूट्रलचा ३ वॉटचा दिवा १२ व्होल्टवर पाव अ‍ॅम्पिअर ओढतो, म्हणजे २४ तासांत ६ अ‍ॅम्पिअर-अवर. लहान गाडीची बॅटरी तेवढ्यात संपते. क्रम असा ठेवा: सपाट जागा, गिअर न्यूट्रल, पार्किंग ब्रेक, मग चावी ‘ऑफ’ करून खिशात. लाल बटण गाडी उलटली, थ्रॉटल अडकला अशा वेळेसाठी आहे. रोजचं काम चावीचं.

चावी बंद असूनही बॅटरी उतरत असेल तर वजा टोकाची तार सोडवून मधे मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) लावा. काही मिलिअ‍ॅम्पिअरपेक्षा जास्त आलं तर गळती आहे.

अशा बऱ्याच गाड्यांत चावीच्या स्विचला चार तारा असतात. लाल आणि काळी ‘ऑन’वर जुळतात व पुढे वीज जाते. काळी-पांढरी आणि हिरवी मात्र उलट, म्हणजे ‘ऑफ’वर जुळतात आणि सीडीआयची (ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीची) वीज चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, घालवतात. म्हणून उंदराने काळी-पांढरी कुरतडली तर चावी बंद केली तरी इंजिन चालूच राहतं. आणि तिचं आवरण सोलून ती चॅसीला टेकली, तर स्टार्टर फिरतो, ठिणगी येत नाही. मग लोक उगाच प्लग बदलत बसतात! कनेक्टर सोडवून दोन्ही जोड्या चावीच्या दोन्ही स्थितींत मल्टिमीटरने तपासा. रंग वेगळे असतील तर आधी वायरिंगचा नकाशा पाहा.

प्रश्न: समुद्राजवळ राहतो. चावी फिरवल्यावर कधी दिवे लागतात, कधी नाही. तेल सोडलं तर चालेल? – एक वाचक, हणजुणे

उत्तर: कुलपात इंजिन ऑइल नको. त्याला रेती चिकटते आणि लगदा होतो. ग्रॅफाइटची पूड थोडी फुंकून चावी दहाबारा वेळा आतबाहेर करा. पण तुमचा दोष बहुधा खालच्या संपर्कपट्ट्यांत असावा. खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवट थर चढतो. चावी ‘ऑन’ व दिवे चालू ठेवून बॅटरीवरचा आणि स्विचमधून बाहेर पडणारा व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर कनेक्टर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा. तरीही फरक राहिला तर स्विच बदला. धुताना प्रेशरचा पाइप चावीच्या तोंडावर कधीच मारू नका.

प्रश्न: चिपवाल्या चावीची डुप्लिकेट म्हापशाच्या बाजारात करून घेतली. कुलूप फिरतं, इंजिन लागत नाही. – एक वाचक, शिवोली

उत्तर: लागणारच नाही. पातं कापता येतं, पण आतल्या चिपचा क्रमांक गाडीच्या कंट्रोलरमध्ये नोंदवावा लागतो आणि ते काम अधिकृत केंद्राच्या यंत्रावर होतं. जाताना मूळ चावी व गाडीची कागदपत्रं घेऊन जा. चिपच्या दोन चाव्या एका रिंगेत ठेवू नका, वाचनात गोंधळ होऊ शकतो. कॅन-अ‍ॅम कंपनीच्या काही गाड्यांत चावी फिरवायची नसते, खुंटीवर दाबून बसवायची असते. तिथे खुंटीवरची चिकट रेती पुसली की अनेकदा काम होतं. काही मॉडेलांना वेग मर्यादित ठेवणारी वेगळी चावीही मिळते. नवख्याच्या हाती तीच द्या.

प्रश्न: पाहुण्यांच्या मुलांना किनाऱ्यावर फिरवायला चावी दिली तर? – एक वाचक, मोरजी

उत्तर: देऊ नका. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवायला बंदी आहे. आपल्या आवारात चालवायचीच, तर मुलांसाठीचं लहान मॉडेल घ्या, ज्याची मागे सुटणारी दोरी मोठ्याच्या हातात राहते: ओढली की इंजिन बंद.