फ्रान्सचे शातो बघायचेत, मुक्काम कुठं टाकायचा?

प्रश्न : नमस्कार. येत्या मे महिन्यात आम्ही सहा जण फ्रान्सला जायचं म्हणतोय. मी, मिस्टर, दोन मुलं (मुलगी तेरा, मुलगा आठ) आणि सासू-सासरे. सासऱ्यांना गडकिल्ल्यांचं लई वेड, पन्हाळ्याचा दगड न् दगड त्यांना पाठ आहे, पण आता गुडघे साथ देत नाहीत. सासूबाई माळकरी आहेत, अंडंसुद्धा चालत नाही. पॅरिसला चार दिवस आणि ल्वार नदीकाठचे शातो (जुने राजवाडे-किल्ले) बघायला चार रात्री धरल्यात. नेटवर कोण तूर म्हणतं, कोण ब्ल्वा, कोण आंब्वाज, आणि एक जण तर म्हणाला पॅरिसवरनंच एका दिवसात उरकून या. मिस्टर गाडी चांगली चालवतात पण उजव्या बाजूनं कधी चालवली नाही. नेमकं राहायचं कुठं?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुमच्या घरच्यांसाठी आंब्वाज. चारही रात्री तिथंच काढा, मध्ये बॅगा हलवू नका.

आता का ते सांगते. ल्वारच्या काठचा जो पट्टा २००० साली युनेस्कोच्या यादीत गेला तोच सुली-सुर-ल्वारपासून शालोनपर्यंत दोनशे किलोमीटरच्या वर आहे, त्यामुळं सगळ्या शातोंच्या मध्यावर असं एक गाव मिळणारच नाही, कुठंही राहिलात तरी काहीतरी लांब पडणारच. मग बघायचं काय, तर संध्याकाळी सहानंतर दारातनं बाहेर पडलं की पायी काय आहे ते. आपल्याकडं कोण पाहुणा आला आणि म्हणाला मला पन्हाळा, जोतिबा, खिद्रापूर, नरसोबाची वाडी बघायचीय तर आपण त्याला कोल्हापुरातच राहा म्हणतो की नाही? दिवसभर फिरून आलं की रंकाळ्यावर चक्कर मारता येते, काय लागलं तर दुकान हाताशी असतं, आणि म्हाताऱ्या माणसाला दुपारीच घरी यावंसं वाटलं तर येता येतं. तेच गणित तिथं लावायचं.

हे मी चुकून शिकले. आम्ही गेलो तेव्हा फोटो बघून शेतातलं एक घर घेतलं होतं, पांढऱ्या दगडाचं, अंगणात अक्रोडाचं झाड, स्वस्तही होतं. पहिला दिवस रविवार होता. दुपारी चारला पोचलो, आईला चहा पाहिजे होता आणि घरात दूध नव्हतं, गावात एकच बेकरी, तिचं शटर खाली, मग दूध शोधत बारा किलोमीटर गेलो तर तिथलंही दुकान रविवारी दुपारी बंद. शेवटी आईनं कोरा चहा घेतला, काही बोलली नाही, पण तिचं तोंड मला अजून आठवतंय. पुढचे तीन दिवस रोज संध्याकाळी जेवणासाठी पुन्हा गाडी काढायची म्हटलं की सगळ्यांच्या जिवावर यायचं. घर खरंच सुंदर होतं, पण सोबत वय झालेली माणसं आणि लहान पोरं असताना ते आमच्यासाठी नव्हतं.

आंब्वाज छोटं आहे पण जिवंत आहे. नदीच्या वर कातळावर राजाचा शातो, खाली गल्ल्या, बेकऱ्या, किराणा, आणि शुक्रवारी न् रविवारी सकाळी नदीकाठी बाजार भरतो. तुमचे दोन दिवस गाडीशिवाय तिथंच निघतील. सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा की शातो म्हणजे पन्हाळ्यासारखा लढाऊ गड नव्हे, बहुतेक जागी तो राजवाडाच आहे, नाहीतर त्यांचा हिरमोड होईल. त्यातल्या त्यात आंब्वाजला उंची आहे, तटबंदी आहे, आणि बुरुजाच्या आत पायऱ्यांऐवजी गोल गोल चढत जाणारा उतार आहे, घोडे आणि गाड्या थेट वर नेता याव्यात म्हणून केलेला. आपल्या गडावरची माणसं ते बघून थबकतात. आठवा चार्ल्स राजा १४९८ साली इथंच दाराच्या चौकटीला डोकं आपटून वारला, हे मुलांना तिथं नेऊन सांगा, पुढं दिवसभर प्रत्येक दारात वाकून जातील. आवारातल्या छोट्या चॅपलमध्ये लिओनार्दो दा विंचीची समाधी आहे. तिथनं दहा मिनिटं चाललं की क्लो ल्यूसे, फ्रान्स्वा राजाच्या बोलावण्यावरनं लिओनार्दो १५१६ला आला आणि २ मे १५१९ला ज्या घरात वारला ते घर. मागच्या बागेत त्याच्या यंत्रांची मोठी मोठी मॉडेल्स आहेत, काही हातानं फिरवता येतात, आठ वर्षांच्या पोराला तिथनं ओढून काढावं लागतंय. सासूबाई तोवर सावलीत बाकावर बसतील.

शनोंसो आंब्वाजपासून टॅक्सीनं वीसेक मिनिटांवर. शेर नदीवरच बांधलेला शातो, पुलावर साठ मीटर लांब दालन, पहिल्या महायुद्धात तिथं जखमी सैनिकांचं हॉस्पिटल होतं. पण सासूबाईंना दाखवायचं ते खालचं स्वयंपाकघर, पुलाच्या खांबांच्या पोटात आहे, तांब्याची भांडी ओळीनं टांगलेली, आणि खिडकीखालनं नदी जाते. सकाळी उघडायच्या वेळेलाच जा, अकरानंतर बसेस येतात. फाटकापासून आतपर्यंत झाडांच्या रस्त्यानं चालायला बरंच आहे, तेवढं गुडघ्यांचं बघा.

एक दिवस ड्रायव्हरसकट व्हॅन करा आणि शांबोर, शव्हेर्नी जोडीनं करा, दोन्हीत अंतर जेमतेम अठरा किलोमीटर. शांबोरला १५१९ साली काम सुरू झालं, सव्वाचारशेच्या वर खोल्या आणि २८२ फायरप्लेस, सगळं बघायच्या फंदात पडू नका. मधला जिना आणि गच्ची, बास. जिना असा की दोन पीळ एकमेकांभोवती वर जातात, एकातनं मुलीला पाठवा, दुसऱ्यातनं मुलाला, मधल्या झरोक्यातनं एकमेकांना बघतील पण वर पोचेपर्यंत भेट होणार नाही. अठराच्या आतल्या मुलांना शांबोरला तिकीट नाही, शनोंसोला आहे. शव्हेर्नी लहान, भरलेलं घर वाटावं असं, आणि तिथं शिकारीच्या कुत्र्यांचा शंभरेकांचा ताफा आहे, त्यांना खायला घालायची वेळ बघून गेलात तर मुलं शांबोर विसरतील. दिवसाला दोनच्या वर शातो नकोच, माझं स्पष्ट मत आहे, तिसऱ्यात सगळे पलंग सारखेच दिसायला लागतात.

मिस्टरांना गाडी घ्यायचीच असेल तर आपल्या आरटीओतनं इंटरनॅशनल परमिट काढून घ्या, रस्ते मोकळे आणि सोपे आहेत. पण सहा माणसं, सहा बॅगा, मोठी गाडी, नवीन बाजू, आणि मागनं चार जणांच्या सूचना, एवढं सगळं पहिल्याच ट्रिपला अंगावर घेऊ नये असं मला वाटतं. सासऱ्यांना खरा किल्ला बघायचाच असेल तर व्हॅन आणखी एक दिवस ठेवा आणि लोशला जा, अकराव्या शतकातला छत्तीस मीटर उंच चौकोनी बुरूज आहे, खालनं बघूनसुद्धा त्यांचं समाधान होईल.

पॅरिसवरनं एका दिवसात उरकायचा सल्ला तर सोडूनच द्या. जायला-यायला ट्रेन, वर बस, आणि म्हातारी माणसं रात्री हॉटेलवर येणार ती पाय धरून. उलट मी म्हणेन पॅरिस शेवटी ठेवा. पॅरिसच्या एअरपोर्टवरनंच सां-पिएर-दे-कोर या तूरजवळच्या स्टेशनला थेट टीजीव्ही (तिथल्या वेगवान ट्रेन) आहेत, तिथनं आंब्वाज जवळ, आणि झोपेचं गणित बिघडलेलं असताना पहिले दोन दिवस छोट्या गावात बरे जातात. मे महिन्यात साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा दुपारी झोपलात तरी दिवस हातचा जात नाही. फक्त १ मे आणि ८ मे तिथं सुट्टी, त्याला जोडून लोक लाँग वीकेंड करतात, तेवढे दिवस टाळा.

घर घेताना किचन आहे ना ते बघा आणि किती मजले चढायचे ते लेखी विचारा, कारण जुन्या घरांचे जिने अरुंद न् उभे असतात आणि तिथला पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा. हॉटेलं दुपारी दोननंतर जेवण देत नाहीत, संध्याकाळी सातशिवाय चूल पेटत नाही, आणि माळकरी माणसाला सूपमध्ये काय घातलंय ते रोज विचारत बसणं अवघड. शेंगदाण्याची चटणी, भडंग, मेतकूट, डाळ-तांदूळ बॅगेत टाका, पण तूप, पेढे, खवा असलं दुधाचं काही नेऊ नका, युरोपात बाहेरनं आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ताही नको. बटाटे, टोमॅटो, कांदे आंब्वाजच्या बाजारात झकास मिळतात.

प्रश्न : आम्ही दोघंच, रिटायर्ड, गाडी अजिबात नको, ट्रेननंच फिरायचंय. आम्हीपण आंब्वाजच का?
– एक दांपत्य, शाहूपुरी

उत्तर : नाही, तुम्ही तूरला राहा, स्टेशनजवळ. आंब्वाज आणि ब्ल्वा ल्वारच्या लाइनवर, शनोंसो शेरच्या लाइनवर, आझे-ल-रिदो तिसऱ्याच लाइनवर, आणि हे सगळं तूरला येऊन मिळतं. आंब्वाजवरनं शनोंसोला ट्रेननं जायचं म्हटलं तर आधी मागं यावं लागतं, तूरवरनं थेट अर्धा तास आणि स्टेशन शातोच्या फाटकालाच लागून. आझेला उतरून वीस-पंचवीस मिनिटं चालायचं, पण नदीतल्या बेटावरचा तो शातो संध्याकाळच्या पाण्यात बघितला की चाललेलं वसूल होतं. शनोंसोच्या लाइनवर गाड्या दिवसात मोजक्याच, म्हणून सकाळी निघतानाच परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून खिशात ठेवा. आणि पॅरिसहून येताना तिकिटावर तूरऐवजी सां-पिएर-दे-कोर लिहिलेलं असलं तरी घाबरू नका, तिथं उतरून समोरची छोटी गाडी पकडली की पाच मिनिटांत तूर.