'मग' कुठे आणि 'म्हणून' कुठे: कारण-परिणाम निबंधाची प्रश्नोत्तरे

प्रश्न: सर, मी अकरावीत आहे, गोव्यात, म्हापशाला. 'जून-जुलैत मासळी महाग का होते' यावर निबंध लिहिला, नऊ कारणं दिली, तरी टीचरनी शेरा मारला, 'ही यादी झाली.' काय कमी पडलं?

कमी नाही गं, जास्त झालं. नऊ कारणं म्हणजे प्रत्येकाला दीड ओळ, आणि दीड ओळीत कारण सांगून होतं पण ते काम कसं करतं हे सांगून होत नाही. तू डिझेल लिहिलंस, टुरिस्ट लिहिलेस, बर्फ लिहिलास, पण ट्रॉलरबंदी सातव्या नंबरला! 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस ट्रॉलर जेटीवर बांधलेले, कारण तो माशांच्या विणीचा काळ, शिवाय दर्या खवळलेला. मग बाजारात येतं काय, तर नदीतलं, खाडीतलं थोडंफार आणि बाहेरून बर्फात घालून आलेलं. माल कमी, खाणारी तोंडं तेवढीच, म्हणून बांगड्याचा वाटा लहान आणि भाव मोठा. हे एक कारण नीट उलगड, दुसरं जोडीला घे, बाकीची सात सोडून दे.

आता खरी गंमत ऑगस्टात आहे. भाव उतरतो, आणि सगळे म्हणतात बंदी उठली म्हणून. पण साधारण त्याच सुमारास श्रावणही असतो ना, निम्म्या घरांत मासळी बंद! म्हणजे एकीकडे माल वाढला, दुसरीकडे गिऱ्हाईक घटलं, यातल्या कुठल्या कारणाने भाव किती उतरला? दोन्ही एकदम आली की कळत नाही, ती वेगळी झालेलं वर्ष शोधावं लागतं. 2023 ला अधिक श्रावण होता, निज श्रावण लागला 17 ऑगस्टला. म्हणजे बंदी उठल्यावर पंधरा-सोळा दिवस मालही होता आणि खाणारेही होते (अधिक महिनाही पाळणारी घरं असतात, ती वजा धर). घरी आईची हिशेबाची वही असेल तर त्या पंधरवड्याचे भाव बघ आणि निबंधात घाल. असं वर्गात दुसऱ्या कुणी लिहिलेलं नसेल.

प्रश्न: मी प्राथमिक शिक्षिका आहे, तिसवाडीत. मुलं 'असं झालं, मग तसं झालं' असंच लिहितात. 'मग' आणि 'म्हणून' यातला फरक कसा समजावू?

मॅडम, मुलांना वर्गात बसवून नका सांगू, जवळच्या खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतातल्या) मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांवर, घेऊन जा. मानशीची दारं लाकडाची, भरतीचं पाणी आत ढकलायला लागलं की आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने उघडतात, माणूस लागत नाही. ते बघून झालं की मुलांना हे वाक्य द्या: 'मानशीचं दार कुजलं, मग शेत पडीक झालं.' आणि मध्ये एकच प्रश्न विचारत राहा, 'कसं?'

दार कुजलं म्हणून नीट मिटेना, मिटेना म्हणून भरतीचं खारं पाणी आत, खारं पाणी साचून राहिलं म्हणून भात करपलं, कोरगुट हे खाजनातलं भात खारटपणा सोसतं पण त्यालाही मर्यादा आहेच, दोन-तीन वर्षं पीक हातचं गेलं म्हणून शेतकऱ्याने नाद सोडला. 'मग' एक होता, त्याच्या जागी चार 'म्हणून' आले. आणि पुढे बघा, पडीक शेतात खारफुटी उगवते, ती तोडायला कायद्याने बंदी, म्हणून आता शेती करायची म्हटली तरी होत नाही. म्हणजे जो परिणाम होता तोच पुढच्याचं कारण झाला. चौथीच्या पोरांना हे बरोब्बर कळतं, मोठ्यांनाच वेळ लागतो.

प्रश्न: मुलाला 'खाणबंदीचे परिणाम' हा विषय आलाय. आम्ही डिचोली तालुक्यातले, घरात टिपर (खनिज वाहणारा ट्रक) होता, त्यामुळे तो लिहायला बसला की थांबतच नाही. कुठवर लिहायचं?

ताई, घरातलं दुखणं आहे, थांबणार कसा तो. पण आधी कुठली बंदी ते ठरवायला सांगा. एक 2012 ची आणि दुसरी 2018 ची, 7 फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने खाणींच्या 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्याला काम थांबलं. दोन्ही एकत्र कालवली की निबंधाचा खतखता होतो.

परिणाम किती लांबवर धरायचे, तर जिथपर्यंत त्याला प्रत्येक सांधा दाखवता येतो तिथपर्यंत. टिपर उभा राहिला, बँकेचा हप्ता थकला, टायरवाल्याचं आणि खाण्याच्या गाड्यावाल्याचं गिऱ्हाईक गेलं, इथवर पक्कं. 'गावातली तरुण पिढी बिघडली' हे मात्र सांधा न दाखवता मारलेली उडी. आणि एक बाजू त्याला आवडणार नाही पण लिहायला लावा: रस्त्यावरची लाल धूळ कमी झाली हाही परिणामच. स्वतःच्या अंगणातला टिपर आणि शेजारच्यांची धूळ दोन्ही आली की वाचणारा विश्वास ठेवतो.

प्रश्न: सुरुवात कारणापासून की परिणामापासून? स्पर्धा परीक्षेचा पेपर आहे, 300 शब्द.

लोकांना डोळ्यांनी दिसतं तिथून. 1986 च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला, माणसं परत फेरीबोटीच्या रांगेत, हे पहिलं वाक्य. मग मागे जा, काँक्रीटच्या आतल्या पोलादी तारांना गंज. 300 शब्दांत दोन कारणं, तीन परिणाम, त्याहून जास्त हाव नको. शेवटी 'आपण सर्वांनी प्रयत्न केले पाहिजेत' लिहायला हात शिवशिवेल, त्या दोन ओळी वाचवा आणि त्या वेळात सगळे 'त्यामुळे' पुन्हा वाचून बघा, एक तरी 'मग'च्या लायकीचा सापडतोच.