चित्रीकरणाला होकार दिला होता, मग तक्रार करता येईल का?

प्रश्न: वय 27, नाशिक. साखरपुडा मोडल्यावर त्या मुलाने आमचा खासगी व्हिडिओ माझ्या नावासकट एका परदेशी पॉर्न साइटवर टाकला. शूटिंगला मी हो म्हटलं होतं. एक अनोळखी माणूस 40 हजारांत सगळं पुसून देतो म्हणतोय. काय करू?

उत्तर: तक्रार आजच करा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खालचं स्पष्टीकरण नेमकं तुमच्यासारख्या प्रसंगासाठीच आहे: चित्रणाला संमती होती, पण ते तिसऱ्याला दाखवायला नव्हती, तरी ते पसरवणं गुन्हाच. पोलीस ठाण्यात कोणी "तुम्हीच काढू दिलात ना?" म्हणालं, तर हे स्पष्टीकरण पुढे ठेवा. तुमचा होकार त्या खोलीपुरता होता, जगासाठी नव्हता.

व्हिडिओ काढून टाकायची घाई समजते, पण आधी पुरावा. साइटचं नुसतं नाव चालत नाही. त्या व्हिडिओच्या पानाची पूर्ण लिंक हवी. पूर्ण लिंक, तारीख, वेळ, शीर्षकातलं तुमचं नाव आणि टाकणाऱ्याचं प्रोफाइल दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. प्रोफाइलची लिंक वेगळी टिपा. कोर्टात हे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रासह (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र) जातं, म्हणून ज्या फोनवर घेतले तो फोन बदलू नका. व्हिडिओ पुरावा म्हणूनही कोणाला व्हॉट्सअ‍ॅप करू नका.

मग साइटच्या तक्रार फॉर्मवर कळवा. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशी तक्रार आल्यावर 2 तासांच्या आत मजकूर हटवायला हवा (फेब्रुवारी 2026 मधल्या दुरुस्तीआधी ही मुदत 24 तास होती), आणि हटवलेला मजकूर तपासासाठी 180 दिवस जपायला हवा. परदेशी साइट कधी कधी दाद देत नाहीत. म्हणून त्याच दिवशी गूगल आणि बिंगलाही संमतीविना टाकलेल्या खासगी चित्रणाच्या फॉर्मवर कळवा. नावाने शोधल्यावर पान दिसेनासं झालं की निम्मा त्रास कमी होतो. 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही, एका महिलेचे फोटो संमतीविना पॉर्न साइटवर टाकल्याच्या प्रकरणात, सर्च इंजिनांना शोधात दिसणाऱ्या अशा लिंक हटवायचे आदेश दिले होते. मूळ व्हिडिओ तुमच्याकडे असेल तर स्टॉप एनसीआयआय (StopNCII) ही खासगी चित्रण संमतीविना पसरू नये म्हणून असलेली वेबसाइट वापरा. तिथे व्हिडिओ अपलोड होत नाही; तुमच्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा बनतो आणि सहभागी कंपन्यांकडे तेवढाच जातो. पॉर्नहबही त्यात आहे.

लेखी तक्रारीत माहिती तंत्रज्ञान कायद्याची 66ई (खासगीपणाचा भंग) आणि 67ए (उघड लैंगिक चित्रण ऑनलाइन पसरवणं) ही कलमं नावानिशी लिहा. नुसतं 67 (अश्लील मजकूर) लावलं तर पहिल्या गुन्ह्याला 3 वर्षं आणि जामीन हक्काने. 67ए मध्ये 5 वर्षांपर्यंत कैद, 10 लाखांपर्यंत दंड, आणि ते अजामीनपात्र आहे. परदेशी साइटकडून माहिती यायला महिने लागतात, म्हणून त्या मुलाचा फोन लवकर जप्त करा अशी विनंती त्यातच करा. अपलोडचा ईमेल बहुधा तिथेच सापडतो.

40 हजार देऊ नका. असे लोक पैसे घेऊन पुन्हा मागतात. त्या अनोळखी माणसाचे मेसेज जपून तक्रारीला जोडा.

पोलीस हद्द आमची नाही म्हणाले तर शून्य क्रमांकाने गुन्हा (झिरो एफआयआर, जो हद्द कुठलीही असली तरी कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो) नोंदवायला सांगा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेऊनच बाहेर पडा.