आईच्या केमोच्या गोळ्या आणि त्रास, दोन्हींची नोंद मोबाईलवर कशी ठेवू?

आईला ऑक्झॅलिप्लॅटिनच्या सलाईनसोबत कॅपेसिटाबिनच्या गोळ्या सुरू आहेत, ओपीडी तीन आठवड्यांनी एकदा, तर कोणतं अ‍ॅप घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. घरातल्या सगळ्यांना दिसेल अशी एक गूगल शीटही पुरते. घोळ होतो तो अलार्ममध्ये.

या गोळ्या साधारणपणे 14 दिवस घ्यायच्या आणि 7 दिवस बंद. घड्याळात लावलेला रोजचा अलार्म बंदच्या आठवड्यातही वाजतो, आणि सवयीने गोळी पोटात जाते. हे फार धोक्याचं आहे. म्हणून सकाळची आणि संध्याकाळची अशा दोन वेगळ्या आठवणी कॅलेंडरमध्ये लावा: रोज, प्रत्येकी 14 वेळा झाल्या की संपतील अशा. पहिला डोस सलाईनच्या दिवशी संध्याकाळी असेल तर सकाळची आठवण दुसऱ्या दिवसापासून लावा. मग शेवटची गोळी 15व्या दिवशी सकाळी येते. वेळ जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आतली ठेवा. आठवणीच्या नावातच फाइलवरचा डोस लिहा, उदाहरणार्थ "500 च्या 3", कारण 150 मिलिग्रॅमची गोळीही मिळते. डोस चुकला किंवा उलटीत पडला तर परत देऊ नका, तसं लिहून ठेवा. दर रविवारी उरलेल्या गोळ्या मोजून शीटशी ताडा. बरोबरची खूण केली म्हणजे गोळी घेतलीच असं नसतं.

त्रासाच्या रकान्यात "बरं नाही" लिहून डॉक्टरांना काही कळत नाही, आकडा हवा. शौचाला किती वेळा (उपचाराआधी किती वेळा जात होत्या तेही), उलट्या किती, ताप किती. ताप पॅरासिटामॉल देण्याआधी मोजा, नाहीतर तो झाकला जातो. तळहात-तळपायांचे फोटो रोज एकाच खिडकीपाशी काढा.

नेहमीपेक्षा 4 किंवा जास्त वेळा शौचाला, रात्री जुलाब, दिवसात एकाहून जास्त उलट्या, तोंड येऊन खाता न येणं, तळवे दुखून चालता न येणं, यांतलं काहीही दिसलं तर पुढचा डोस थांबवून लगेच फोन करा. ताप 100.4 फॅरनहाइट झाला तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या 766 रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. संगणकावरून त्रास कळवणाऱ्यांतले निम्मे रुग्ण 31.2 महिन्यांहून जास्त जगले, नेहमीच्या पद्धतीतले निम्मे 26 महिन्यांहून. पण तिथे त्रास वाढला की नर्सला ईमेल जात होता. तुमची शीट कुणालाच उठवणार नाही, म्हणून रात्री कोणता नंबर लागतो हे ओपीडीत विचारून पहिल्या ओळीत लिहा.