गडांवर लिहितोयस, तर आधी वाट नीट लिही

भटकंतीच्या ब्लॉगचे वाचक वाढवायचेत ना? मग 'सह्याद्रीचे रौद्र सौंदर्य' वगैरे बाजूला ठेव. हरिश्चंद्रगडाला निघालेल्या माणसाला वेगळंच हवं असतं. पायथ्याच्या पाचनई गावाहून चढ सोपा, खिरेश्वर गावाहून तोलार खिंडीची वाट लांबची. गावापर्यंत गाडी कशी मिळते, पाणी कुठे भरायचं, पावसाळ्यात कुठला टप्पा निसरडा होतो, हे सगळं सविस्तर दे. शीर्षकही तसंच साधं ठेव: 'पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड'. लोक गूगलवर हेच शब्द टाकतात. आणि वाट बदलली की जुना लेख दुरुस्त कर, हे फार कमी जण करतात.

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक उघडत नाही, ती बायोमध्ये टाक. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसती लिंक फेकू नकोस, लेखातली कामाची दोन वाक्यं वर लिही.

ओळखी मात्र मनापासून जोड. दुसऱ्या भटक्यांचं लेखन वाच, 'मस्त' एवढ्यावर न थांबता नेमका प्रश्न विचार. कुणाचा फोटो वापरायचा तर आधी परवानगी घे आणि फोटोखाली नाव दे. असेच लोक पुढे आपणहून तुझा लेख चार जणांना पाठवतात.