धुळ्याहून निघायच्या आधी मोडी शीक

भाऊ, तुझा प्रश्न असा: रेडिओलॉजीत एम.डी. झालं, धुळ्यात नोकरी आहे, इंग्लंडला यायचंय, पण इतिहासाचं वेड सुटत नाही. तिकडे दोन्ही जमेल का? मी अमळनेरची, इथे इंग्लंडात सरकारी हॉस्पिटलात रेडिओलॉजिस्ट म्हणून बारा वर्षं झाली. दोन्ही जमतं, म्हणूनच सविस्तर लिहितेय.

परीक्षेचं आधी उरकते. एफआरसीआर म्हणजे इथली रेडिओलॉजीची फेलोशिप परीक्षा. तिच्या पहिल्या भागात फिजिक्स आणि अ‍ॅनाटॉमी, मग दुसऱ्या भागाचे टू-ए आणि टू-बी. ती पुरी झाली की जीएमसीच्या, म्हणजे इथल्या मेडिकल कौन्सिलच्या, नोंदणीसाठी परदेशी डॉक्टरांची प्लॅब परीक्षा वेगळी द्यावी लागत नाही. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ७.५ आणि चारही भागांत किमान ७ हवेत. लेखनाला आपली मुलं अडकतात, त्याची तयारी आत्तापासून कर.

काम मात्र फार वेगळं. धुळ्यात दिवस सोनोग्राफीत आणि गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचा एफ फॉर्म भरण्यात जातो. इथे प्रोब बहुतेक वेळा सोनोग्राफरच्या हातात असतो, साधे एक्स-रेसुद्धा पुष्कळदा प्रशिक्षित रेडिओग्राफरच वाचतात. तुझ्या वाट्याला सीटी, एमआरआय आणि दर आठवड्याची कॅन्सरची बैठक. तिथे सर्जन सरळ तुझ्याकडे बघून विचारतो, आणि सगळ्यांसमोर ठाम बोलावं लागतं. बाकीचे तास अंधाऱ्या खोलीत एकट्याने. पेशंटशी बोलण्याची सवय असलेल्याला पहिलं वर्ष जड जातं, मला गेलं.

त्याच वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. छातीच्या सीटीत छोटी गाठ दिसली, मी रिपोर्टात 'नवीन' लिहिलं. चार वर्षांपूर्वीचा स्कॅन दुसऱ्या हॉस्पिटलच्या नोंदीत होता, तो मी उघडलाच नाही. त्यात तीच गाठ, तेवढीच. त्या माणसाचे तीन आठवडे मरणाच्या भीतीत गेले. चुकांच्या बैठकीत मी स्वतः ते मांडलं, तेव्हा मला शहाद्याहून येणारी एक म्हातारी आठवली. कॅरीबॅगमधून सगळ्या जुन्या फिल्म आणायची, वर्षावार लावून टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, "हाई देख माय." आधीचा कागद पाहिल्याशिवाय आजच्यावर बोलायचं नाही, हे ती मला शिकवत होती. तुझं इतिहासाचं वेड या धंद्यात आडवं येणार नाही ते यासाठीच. जुनं चित्र शोधायची खोड रेडिओलॉजिस्टला लागतेच.

आता तुझ्या आवडीचं. लंडनला सेंट पँक्रासच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याचं, दप्तर आहे, वाचकाचा पास फुकट मिळतो. १८१८ मध्ये खान्देश ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, ब्रिग्ज तिथला पहिला कलेक्टर झाला, १८२५ मध्ये कंपनीचा लष्करी अधिकारी आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली. त्या काळातला साहेबांचा पत्रव्यवहार समोर घेऊन बसता येतं. आउट्रमचा पुतळाही थेम्सकाठी उभा आहे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बराच वेळ तिथून हलले नाही.

पण साहेबाने लिहिलं ती एकच बाजू. दुसरी बाजू मोडीत, पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि तुझ्या धुळ्यात. इतिहाससंशोधक राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तुझ्या गावात आहे, आणि मी अमळनेरात वाढूनही तिकडे कधी फिरकले नाही. मोडी न शिकता आले, याची हळहळ आजही आहे. तू टू-बीच्या आधी शीक. मंडळात जाऊन विचार, शिकवणारं कुणीतरी भेटेल. इथे आल्यावर ड्यूट्यांतून ते होत नाही.

एक काम तुझ्याकडेही आहे. १८२०च्या दशकातल्या एका पत्रातून मी गावाचं नाव उतरवून घेतलंय, इंग्रजी स्पेलिंगमुळे ते लागत नाही. साक्रीकडचं वाटतं. पाठवते, तिकडच्या जाणत्या माणसांना दाखवून बघ.